स्वतंत्र विचाराचे दप्तर कसे चाळावे

त्र्यंबकेश्वरी आलेल्या यात्रेकरूस तीर्थोपाध्याय प्रथम गाव विचारतो, मग आडनाव, मग आज्या-पणज्याचे नाव. आणि ही तीन उत्तरे मिळताच तो बासनातील नेमकी वही उलगडून, त्या घराण्यातील कोण पुरुष कोणत्या साली कुशावर्त तीर्थावर येऊन गेला आणि त्याजबरोबर कोण कोण होते, हे वाचून दाखवतो. यात चमत्कार काही नाही. वह्या ज्या क्रमाने लावलेल्या असतात त्याच क्रमाने प्रश्न विचारले जातात, एवढेच. ज्या मंडळींनी नेमक्या या तीर्थविधींनाच जाब विचारला त्यांचा इतिहास धुंडाळू पाहणाऱ्याने ही रीत आधी शिकावी, हे ऐकून कोणास हसू येईल. परंतु संगणकावर खुल्या झालेल्या दप्तरांचा माझा अनुभव असाच आहे की, कागद ज्या कप्प्यात ठेवला गेला त्या कप्प्याचे नाव ठाऊक असल्यावाचून तो हाती लागत नाही. 'मानवतावाद' किंवा 'निरीश्वरवाद' असा शब्द शोधपेटीत घालून जो बसेल त्याला अलीकडची दोन-चार भाषणे सापडतील आणि महाराष्ट्रात या विचाराची परंपरा फारशी नव्हतीच, असा चुकीचा ग्रह करून तो उठेल.

परंपरा होती, आणि ती चांगली जुनी आहे. मात्र तिच्या कागदांवर नावे निराळी पडली आहेत. लोकहितवादींची शतपत्रे १८४८ ते १८५० या काळात भाऊ महाजनांच्या 'प्रभाकर' पत्रात आली, ती 'समाजसुधारणा' या सदरात सापडतात. जोतीराव फुले यांची 'गुलामगिरी' १८७३ सालची आणि त्याच वर्षीच्या २४ सप्टेंबरला स्थापन झालेला सत्यशोधक समाजही. हे सर्व 'ब्राह्मणेतर चळवळ' किंवा 'जातिप्रश्न' या नावाखाली लावलेले असते. ताराबाई शिंदे यांची 'स्त्रीपुरुष तुलना' १८८२ साली छापली गेली, विस्मृतीत गेली, आणि स. गं. मालशे यांनी १९७५ साली ती पुन्हा उजेडात आणली. आज ती 'स्त्रीवाद' या कप्प्यात आहे. र. धों. कर्वे यांचे 'समाजस्वास्थ्य' १९२७ च्या जुलैपासून १९५३ पर्यंत चालले, आणि सूचिकारांनी ते संततिनियमन व कामशास्त्र यांत घातले, जणू त्या मासिकातील बुद्धिवाद ही केवळ पानपूरणाची सामग्री होती. हमीद दलवाई यांनी १८ एप्रिल १९६६ रोजी मुंबईत सात मुस्लिम स्त्रियांचा तलाकविरोधी मोर्चा काढला आणि १९७० साली पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापिले. त्यांचे कागद 'मुस्लिम राजकारण' या मथळ्याखाली शोधावे लागतात. तेव्हा शोधास बसण्यापूर्वी एका कागदावर माणसांची नावे, नियतकालिकांची नावे, गावे आणि त्या त्या काळचे वादविषय लिहून काढावेत: पुनर्विवाह, केशवपन, संमतिवय, देऊळप्रवेश, जोशी वतन, श्राद्ध, भविष्य, नवस. अमूर्त तत्त्वाचे नाव त्या यादीत सर्वांत शेवटी असावे.

या ठिकाणी आणखी एक सावधगिरी सांगतो, कारण उत्साही तरुण अभ्यासक येथे हमखास घसरतात. आपल्याला प्रिय असलेले नाव मागच्या पिढीच्या कपाळी लावण्याचा मोह आवरावा. फुले निर्मीक मानीत, लोकहितवादी ईश्वरनिष्ठ होते, आगरकर अज्ञेयवादी, कर्वे उघड निरीश्वरवादी, आणि डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी १९८९ साली उभी केलेली महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती देवाधर्माविषयी तटस्थ राहून अंधश्रद्धेवर बोट ठेवीत आली. या सर्वांना एका माळेत ओवणे सोपे आहे, पण त्याने इतिहास होत नाही, मिरवणूक होते. ज्या जिल्ह्यात त्र्यंबक आहे त्याच जिल्ह्यातील भगूरचे सावरकर विज्ञाननिष्ठेवर आणि गाईवर काय लिहून गेले, हे त्यांचे अनुयायी क्वचित वाचतात आणि त्यांचे विरोधक मुळीच वाचत नाहीत. अभ्यासकाने दोघांचीही सवय सोडून, त्यांच्या स्मारकाच्या संकेतस्थळावर ठेवलेले मूळ लेखन पाहावे.

आता आरंभ कोठून करावा, ते सांगतो. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या संकेतस्थळावर मंडळाची पुष्कळ प्रकाशने विनामूल्य उतरवून घेता येतात. महात्मा फुले समग्र वाङ्मय १९६९ साली धनंजय कीर आणि मालशे यांच्या संपादनाखाली प्रथम निघाले. आगरकर वाङ्मयाचे तीन खंड म. गं. नातू आणि दि. य. देशपांडे यांनी सिद्ध केले. संपादित समग्र वाङ्मयापासून सुरुवात करण्याचा लाभ असा की, टीपा आणि कालानुक्रम आयता मिळतो, आणि कोणता लेख कोणत्या पत्रात कोणत्या तारखेस आला हे एकदा कळले म्हणजे मूळ अंक शोधण्याचा धागा हातात येतो. डॉ. आंबेडकर यांच्या लेखन-भाषणांचे शासकीय खंड केंद्र सरकारच्या परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावरही ठेवलेले आहेत. शंकानिरसनास मराठी विश्वकोश घरबसल्या पाहावा. आणि तो पाहताना हेही ध्यानात ठेवावे की, त्याचे प्रमुख संपादक तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी हे वाईच्या प्राज्ञपाठशाळेतील शास्त्री असून मानवेंद्रनाथ रॉय यांचे सहकारी होते, आणि 'हिंदू धर्माची समीक्षा' हा त्यांचाच ग्रंथ. शास्त्राभ्यासातून आलेली चिकित्सा आणि युरोपातून आलेला बुद्धिवाद यांची गाठ ज्या थोड्या माणसांत पडली त्यांत त्यांची गणना करावी लागेल. विकिस्रोत या मुक्त ग्रंथालयाच्या मराठी शाखेत जुने ग्रंथ टंकलिखित स्वरूपात मिळतात, आणि तेथे शब्दशोध चालतो ही मोठी सोय आहे. तथापि तेथील पाठ स्वयंसेवकांनी तपासलेला असतो, सबब उद्धृत करण्यापूर्वी शेजारी दिलेल्या मूळ पानाच्या छायाचित्राशी तो ताडून घ्यावा.

नियतकालिकांत माझ्या मते सर्वांत उपयुक्त, आणि तरीही सर्वांत कमी चाळला जाणारा संग्रह 'आजचा सुधारक' याचा. दि. य. देशपांडे यांनी एप्रिल १९९० मध्ये नागपुरात आरंभिलेले हे मासिक विवेकवादासाठीच निघाले होते, आणि त्याचे जुने अंक आता त्याच्या संकेतस्थळावर वाचावयास मिळतात. श्रद्धा म्हणजे काय, नीतीला ईश्वराचा आधार हवा काय, असे प्रश्न त्यात वर्षानुवर्षे वादीप्रतिवादींनी लढविले. आणि पत्रव्यवहाराचे सदर तर मुख्य लेखांपेक्षाही बोलके असते, कारण सामान्य वाचकाला नेमके काय खुपत होते ते तेथे दिसते. साने गुरुजींनी १५ ऑगस्ट १९४८ रोजी सुरू केलेल्या 'साधना' साप्ताहिकानेही आपले जुने अंक संकेतस्थळावर ठेवले आहेत. दाभोलकर १९९८ पासून, २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या होईपर्यंत, त्याचे संपादक होते, त्यामुळे जादूटोणाविरोधी कायद्यासाठी चाललेल्या दीर्घ खटपटीचा माग त्यातून लागतो. प्रबोधनकार ठाकरे यांच्या साहित्यासाठी स्वतंत्र संकेतस्थळ आहे. त्यांची 'देवळांचा धर्म आणि धर्माची देवळे' ही पुस्तिका क्षेत्राच्या गावी बसून वाचण्यासारखी आहे. पटो वा न पटो, भाषेचा मार कसा असतो ते कळते.

यापुढचा मुलूख म्हणजे इंटरनेट आर्काइव्ह, आणि येथे मात्र वाटाड्यावाचून जाऊ नये. भारत सरकारच्या डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया या प्रकल्पात लक्षावधी पुस्तकांची छायाचित्रे घेतली गेली. पुढे तो मूळ संग्रह बंद पडला, परंतु त्याची बरीचशी नक्कल इंटरनेट आर्काइव्हवर सुरक्षित राहिली. त्यात मराठी पुस्तके विपुल आहेत, पण त्यांची नावे ज्या कारकुनांनी रोमन लिपीत नोंदली त्यांनी मराठी वाचकाचा विचार केलेला दिसत नाही: दीर्घ स्वरासाठी अक्षरे दुहेरी, कोठे मध्येच अवतरणचिन्ह, लेखकाचे आडनाव आधी की नाव आधी याचा नियम नाही, आणि कित्येकदा प्रकाशकालाच ग्रंथकर्ता करून टाकलेले. म्हणून एकच नाव चार-पाच प्रकारे लिहून पाहावे. पूर्ण नावापेक्षा त्यातील एखादाच विरळा शब्द घालावा. आणि सापडलेल्या नोंदीतील सालावर विश्वास न ठेवता पुस्तकाचे पहिले पान उघडून पाहावे. पानावर शके दिलेला असेल तर त्यात ७८ मिळवावे, म्हणजे इसवी सन येतो; पौषाच्या मध्यापासून फाल्गुनाअखेरपर्यंतच्या मजकुरास ७९ मिळवावे लागतात, आणि ही एका वर्षाची तफावत कोणाचा लेख आधी व कोणाचे उत्तर मागून, हा सारा निवाडा फिरवू शकते.

यंत्राकडून वाचवून घेतलेल्या मजकुरात शब्द शोधताना आणखी एक अडचण येते. १९६२ साली शुद्धलेखनाचे नवे नियम आले, त्यापूर्वीच्या छपाईत 'कांहीं', 'नाहीं', 'देवळांत' असे अनुस्वार सर्वत्र आहेत. आधुनिक रूप घालून शोधल्यास यंत्र 'नाही' असेच उत्तर देते आणि आपण ते खरे मानतो. जुन्या शिळाछापावर तर जोडाक्षरे ओळखताना यंत्राची फारच त्रेधा उडते. अशा वेळी शोधपेटी सोडून द्यावी, अनुक्रमणिका उघडावी आणि पूर्वीचे लोक चाळीत तसे पान पान चाळावे. हा सल्ला जुनाट वाटेल, परंतु माझ्या टिपणवह्यांतील अर्ध्याअधिक उपयोगी गोष्टी दुसरेच काही शोधताना सापडलेल्या आहेत.

सरकारी दप्तर हा विषय स्वतंत्र लेखाचा आहे. येथे तीन वाटा दाखवतो. पहिली, राष्ट्रीय अभिलेखागाराचे 'अभिलेख पटल' हे संकेतस्थळ, जेथे गृहखात्याच्या राजकीय शाखेच्या फायली मोठ्या संख्येने वाचता येतात. रॉय यांजवर सरकारने ठेवलेली पाळत तेथे फायलीफायलींतून दिसते. दुसरी, मुंबई इलाख्यातील देशी वृत्तपत्रांवर सरकारी भाषांतरकारांनी केलेले इंग्रजी सारांशाचे साप्ताहिक अहवाल. मूळ मराठी पत्राचा अंक नष्ट झाला असेल तेथे हा सारांशच एकमेव साक्षीदार उरतो, परंतु हा साक्षीदार सरकारच्या नोकरीत होता, हे विसरू नये. राज्यास धोकादायक ते त्याने टिपले, आणि भटभिक्षुकांवरील उपहास त्यास बहुधा निरुपद्रवी वाटून गळला. तिसरी वाट न्यायालयांची. आपल्या घरचे लग्न ग्रामजोशास न बोलावता लावणाऱ्यांवर दक्षिणेच्या हक्कासाठी दावे झाले, आणि 'इंडियन लॉ रिपोर्ट्स'च्या मुंबई मालिकेत असे वाद वाचावयास मिळतात. तत्त्वज्ञानाच्या ग्रंथात जे दिसत नाही ते वादी-प्रतिवादींच्या कैफियतींत दिसते: स्वतंत्र विचाराची किंमत कोणत्या गावात कोणी किती रुपयांत मोजली. धर्मभावना दुखावण्यासंबंधीचे तत्कालीन भारतीय दंडसंहितेतील २९५-अ हे कलम १९२७ साली आले. त्यानंतरचे निवाडे 'इंडियन कानून' या संकेतस्थळावर कलमाच्या आकड्याने शोधता येतात.

एक उदाहरण घेऊन हे सर्व कसे जुळवावे ते पाहू, आणि उदाहरण त्र्यंबकेश्वराचेच घेऊ. येथे चोखामेळ्याचे मंदिर बांधावे असा विचार १९२८ च्या सुमारास अस्पृश्य मंडळींत निघाला होता आणि त्या चर्चेत डॉ. आंबेडकर होते, असा उल्लेख एलिनॉर झेलियट यांच्या अभ्यासात येतो. संताचे देऊळ बांधणे हे खरे स्मारक, की अस्पृश्यता नाहीशी करणे हे, असा तो प्रश्न. म्हणजे धर्मचिकित्सेचा अव्वल प्रश्न, आणि तोही या तीर्थाच्या दारात विचारलेला. अभ्यासकाने प्रथम 'बहिष्कृत भारत'चे त्या काळातील अंक पाहावेत. ते पत्र ३ एप्रिल १९२७ रोजी निघाले आणि त्याचे पुनर्मुद्रण महाराष्ट्र शासनाने केले आहे. मग त्याच महिन्यांचे देशी वृत्तपत्रांचे सारांश. मग विरोधी बाजूची पत्रे काय म्हणतात ते. मग पुढे यावे नाशिकच्या काळाराम मंदिराच्या सत्याग्रहाकडे, जो २ मार्च १९३० रोजी सुरू होऊन पाच वर्षे रेंगाळला आणि ज्याचे कागद आंबेडकरांच्या इंग्रजी खंडांपैकी सतराव्या खंडाच्या पहिल्या भागात एकत्र केलेले आहेत. आणि तेथून १३ ऑक्टोबर १९३५ च्या येवल्याच्या धर्मांतराच्या घोषणेकडे. त्र्यंबकची ती चर्चा या साखळीची सुरुवातीची कडी होती काय, याचे उत्तर मी देत नाही. ते कागदांनी द्यावयाचे आहे. क्षेत्राची तत्कालीन व्यवस्था, देवस्थान, जत्रा आणि वस्ती समजून घेण्यासाठी १८८३ साली निघालेला मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा सोळावा, म्हणजे नाशिकचा, खंड सोबत उघडा ठेवावा. तो शासनाच्या दर्शनिका विभागाने संकेतस्थळावर दिलेला आहे. आणि साखळी पुढे न्यावयाची असेल तर १९५६ चा मंदिरप्रवेशाचा राज्याचा कायदा व २०१६ साली त्र्यंबकेश्वराच्याच देवळाच्या गर्भगृहात स्त्रियांना प्रवेश असावा की नसावा यावरून माजलेला वाद, इतक्या अलीकडे येता येते.

विरोधकांचे वाचन हा मुद्दा वर ओझरता आला, तो पुन्हा सांगण्याजोगा आहे. फुल्यांवरील सर्वांत जहाल टीका विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या 'निबंधमाले'त आहे, आणि टीका कोणत्या वाक्यावर झाली हे पाहिल्याखेरीज मूळ वाक्याची धार कळत नाही. आगरकरांची जिवंतपणी प्रेतयात्रा निघाली, ही कथा आपण शाळेपासून ऐकतो. तिला तत्कालीन वृत्तपत्राचा दाखला मिळतो काय, आणि मिळाला तर तो कोणत्या पक्षाच्या पत्राचा, हे शोधून पाहणे हा नवशिक्यास उत्तम धडा होईल.

परदेशी संग्रहांकडे वळायचे ते आपल्या माणसांचा माग काढीत. टॉमस पेन याची पुस्तके फुल्यांनी वाचली, मिल्ल आणि स्पेन्सर आगरकरांनी. चार्ल्स ब्रॅडलॉ हा इंग्लंडातील उघड नास्तिक पुढारी १८८९ साली काँग्रेसच्या मुंबई अधिवेशनास आला होता. ब्रॅडलॉचे कागद लंडनच्या बिशप्सगेट इन्स्टिट्यूटमध्ये आहेत. त्याच शहरातील कॉनवे हॉलने एकोणिसाव्या शतकातील शेकडो पुस्तिका संगणकावर खुल्या केल्या आहेत. आणि १८८१ साली फूट याने काढलेल्या 'फ्रीथिंकर' पत्राचे जुने अंकही पाहावयास मिळतात. त्यांत 'बॉम्बे', 'पूना', 'इंडिया' असे शब्द घालून शोधावे. या शोधात आपल्याकडचा एक दुवा ध्यानात ठेवावा: मुंबईच्या बुद्धिवादी संघाचे 'रीझन' हे मासिक चालविणारे डॉ. डी'आव्हॉइन यांच्यावर १९३३ साली एका लेखाबद्दल खटला झाला आणि पुढल्या वर्षी ते निर्दोष सुटले, र. धों. कर्वे यांचा त्या मासिकाशी निकटचा संबंध होता, आणि कर्व्यांवरील १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र डॉ. आंबेडकरांनी घेतले होते. रॉय यांचे आरंभीचे लेखन मार्क्सवादी साहित्याच्या इंटरनेट संग्रहात आहे. त्यांचे १९३७ सालचे 'इंडिपेंडंट इंडिया' १९४९ मध्ये 'रॅडिकल ह्युमॅनिस्ट' झाले, म्हणून एकाच पत्राचा शोध दोन नावांनी घ्यावा. इंग्रजी नियतकालिकांतील लेख कोठे आहे एवढेच हवे असल्यास राहुल सागर यांनी सिद्ध केलेली 'आयडियाज ऑफ इंडिया' ही सूची पाहावी, आणि पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटच्या ग्रंथालयाने खुला केलेला संग्रह मुळीच चुकवू नये. 'सर्व्हंट ऑफ इंडिया'चे अंक तेथे आहेत.

सापडलेला कागद लगेच उतरवून घ्यावा आणि त्याच क्षणी टिपणात पत्राचे नाव, तारीख, अंक, पृष्ठ, संग्रहाचे नाव आणि आपण तो पाहिल्याची तारीख लिहावी. उद्या पाहू म्हणून ठेवलेले दप्तर उद्या असेलच असे नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर संगणकीय हल्ला झाला आणि तेथील सेवा महिनोन्‌महिने विस्कळीत राहिल्या. उतरवून घेणे निराळे आणि पुन्हा छापणे निराळे, याचेही भान असावे. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे त्याचा हक्क राहतो. म्हणून १९५३ साली निवर्तलेले कर्वे आणि १९५४ साली निवर्तलेले रॉय आज मुक्त आहेत, दलवाई २०३७ अखेरपर्यंत नाहीत. अमेरिकेतील हाथीट्रस्टसारख्या संग्रहात तेथील वाचकास पूर्ण दिसणारे पुस्तक भारतातील वाचकास कधी कधी बंद आढळते. त्याने निराश न होता तेच पुस्तक दुसऱ्या संग्रहात पाहावे.

एवढे करूनही फार थोडे हाती आलेले असेल, कारण तालुक्याच्या गावी निघालेली पत्रके, सत्यशोधक जलशांच्या वह्या, व्याख्यानांची हस्तपत्रके आणि अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या शाखांची इतिवृत्ते संगणकावर चढलेलीच नाहीत. नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० पासूनचे आहे; तेथे प्रत्यक्ष जावे, ग्रंथपालास आधी पत्र लिहून आपला विषय कळवावा आणि जुन्या दाखल-नोंदवह्या पाहण्याची परवानगी मागावी. आणि ज्यांच्या माळ्यावर 'समाजस्वास्थ्य', 'प्रबोधन', 'दीनमित्र' किंवा असल्याच एखाद्या विसरलेल्या पत्राचे बाड पडले आहे, त्या सिन्नर, इगतपुरी, येवले, त्र्यंबक येथील वाचकांस विनंती आहे की, त्यांनी ते उजेडात आणून प्रत्येक पानाचे स्वच्छ छायाचित्र घ्यावे, ते कोणाच्या घरचे आणि कसे आले हे सोबत लिहून ठेवावे, एक प्रत वाचनालयास द्यावी, आणि छायाचित्रे निघाली म्हणून मूळ अंक रद्दीत घालू नयेत.